यंत्रांशी गप्पा : न सांगता येणारे दोघे

मुलांनो,

गल्लीत एखादं घर बांधायला निघालं, की सकाळी सकाळी एक ओळखीचा आवाज सुरू होतो. आधी मोटरची घूंऽऽ, मग पोलादी ड्रमचा गडगडाट आणि मग आत खडी पडल्याचा खळ्ळ-खळ्ळ. शाळेला उशीर होत असला तरी पाय तिथं रेंगाळतातच. हो की नाही? माझे तर अजूनही रेंगाळतात!

परवा आपल्या एका सातवीतल्या वाचक मैत्रिणीचं पत्र आलं. ती लिहिते, "आमच्या घरावर एक खोली चढवतायत. त्यासाठी आजोबांनी एक जुना, विजेवर चालणारा सिमेंटचा मिक्सर आणलाय. बाबा म्हणतात, हे भंगार आहे. आजोबा म्हणतात, हे माझ्यापेक्षा जास्त टिकेल. कोण बरोबर?"

प्रश्न मोठा छान आहे. उत्तर असं, की दोघंही बरोबर असू शकतात! तो मिक्सर भंगारात जाणार की नातवंडांची घरंही बांधणार, हे त्याच्या वयावर ठरत नाही. काम संपल्यावरच्या पंधरा मिनिटांत त्याच्याशी कोण कसं वागतं, यावर ठरतं. हे मी एवढं ठासून सांगतोय, कारण आमच्याकडेही असाच एक म्हातारा मिक्सर आहे. मामाच्या घरी, कराडजवळच्या एका गावात.

पण त्याआधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. मिक्सर चालवणं हे मोठ्या माणसांचं काम आहे. तुमचं काम बघायचं, मोजायचं आणि प्रश्न विचारायचं, तेही चांगलं सात-आठ हात लांब उभं राहून. का, ते गोष्टीच्या ओघात कळेलच.

भेळवाला आणि मिक्सर

आईचा स्वयंपाकघरातला मिक्सर आणि हा मिक्सर, नावं एकच; पण कामं अगदी वेगळी. घरच्या मिक्सरचं पातं गरगर फिरतं आणि खोबरं-मिरची वाटून काढतं. सिमेंटच्या मिक्सरला काहीच वाटायचं नसतं. त्याला वर उचलायचं असतं आणि खाली सोडायचं असतं.

भेळवाला आठवा. पातेल्यातली भेळ तो तळातून वर उचलतो आणि पुन्हा खाली टाकतो. म्हणूनच प्रत्येक कुरमुऱ्याला चटणी लागते. मिक्सरच्या ड्रममध्ये आतून पोलादी पाती बसवलेली असतात. ड्रम फिरला की पाती खालचा माल वर नेतात आणि वर गेल्यावर तो स्वतःच्या वजनानं धबकन खाली पडतो. असं पुन्हा पुन्हा झालं, की खडीच्या प्रत्येक खड्याला वाळू-सिमेंटचा लेप बसतो.

आता एक कोडं. हे काम लवकर उरकायचं म्हणून ड्रम जोरात फिरवला तर?

तर काहीच कालवलं जाणार नाही! पाण्यानं अर्धी भरलेली बादली हातात धरून जोरात गोल फिरवली, तर बादली उलटी झाली तरी पाणी सांडत नाही. ते तळाला चिकटल्यासारखं राहतं. तसंच ड्रममधला माल भिंतीला चिकटून नुसता गोल फिरत राहील, खाली पडणारच नाही. ८० सेंटिमीटर रुंदीचा ड्रम मिनिटाला साधारण ४७ पेक्षा जास्त फेरे घेऊ लागला, की हे घडू लागतं. म्हणून मिक्सर मुद्दामच संथ ठेवलेला असतो.

पण मोटर तर भन्नाट वेगानं फिरते. आमच्या मिक्सरची मोटर मिनिटाला १४४० फेरे घेते. मग ड्रम संथ कसा? मोटरच्या लहान पुलीवरून एक पट्टा पाचपट मोठ्या पुलीवर जातो. १४४० भागिले ५, म्हणजे २८८. त्या मोठ्या पुलीच्या दांड्यावर १२ दातांचं लहान चाक आहे आणि ड्रमच्या कमरेभोवती १४४ दातांचं मोठं बिडाचं कडं. लहान चाक बारा वेळा फिरेल तेव्हा कुठं ड्रम एकदा फिरतो. २८८ भागिले १२, म्हणजे २४. झाला ना संथ! वेग साठपट कमी झाला. पण त्याच्या बदल्यात फिरवण्याचा जोर जवळजवळ तेवढाच वाढला. म्हणून तर दोन अश्वशक्तीची, बादलीएवढी मोटर एवढा मोठा बोजा फिरवू शकते.

किती बोजा? तेही मोजू या. सिमेंटचं एक पोतं ५० किलोचं आणि त्यातलं सिमेंट साधारण ३५ लिटर भरतं. म्हणून गवंडी एक लाकडी फर्मा वापरतात. तो ४० सेंटिमीटर लांब, ३५ रुंद आणि २५ उंच असतो. करा गुणाकार! बरोबर ३५ लिटर येतात. एकास दोन, दोनास चार अशा मापाचं काँक्रीट करायचं, तर अर्ध्या पोत्याला एक फर्मा वाळू आणि दोन फर्मे खडी. वर बारा-साडेबारा लिटर पाणी. सगळं मिळून जवळजवळ दोनशे किलो!

म्हणून पहिला नियम असा : मिक्सर नेहमी रिकामा सुरू करायचा आणि रिकामा झाल्यावरच बंद करायचा. दोनशे किलो पोटात घेऊन थांबलेल्या ड्रमला जागेवरून हलवायचं म्हणजे मोटरला घाम फुटतो. तिच्यातल्या तारा तापतात आणि त्यांच्यावरचा लेप जळतो. मग मोटर पुन्हा भरून घ्यायला न्यावी लागते.

पाणी : मित्र आणि शत्रू

माल टाकायचाही एक क्रम असतो. आधी थोडं पाणी आणि थोडी खडी. त्यानं ड्रम आतून ओला होतो. मग सिमेंट, वाळू, उरलेली खडी आणि शेवटी उरलेलं पाणी बेताबेतानं. कोरडं सिमेंट आधी टाकलं, तर ते ड्रमच्या तळाशी गोळा होऊन बसतं. सगळं टाकून झाल्यावर निदान दोन मिनिटं फिरवायचं. घड्याळ लावून दोन मिनिटं, "झालं असेल" अशी नव्हेत! फावडं मात्र ड्रमच्या तोंडात कधीही घालायचं नाही. माल बाहेरूनच टाकायचा. फिरत्या पात्यात फावडं अडकलं, तर ते धरणाऱ्यालाही फिरवून आपटतं.

आता एक गंमत बघा. काम करणाऱ्यांना माल सैल हवा असतो. घमेल्यातून पटकन ओतता येतो, हात दुखत नाहीत. म्हणून कुणीतरी म्हणतं, "ओत रं अजून बादलीभर." आणि इथंच घात होतो! ते जास्तीचं पाणी पुढं उडून जातं आणि काँक्रीटमध्ये बारीक बारीक पोकळ्या सोडून जातं. पोकळ्या वाढल्या, की ताकद घटली. डफ अॅब्रम्स नावाच्या अमेरिकी अभियंत्यानं १९१८ साली पुष्कळ प्रयोग करून हे दाखवून दिलं, की काँक्रीटची ताकद मुख्यतः सिमेंटच्या मानानं पाणी किती, यावर ठरते. तेव्हा ओल्या डोळ्यांनी नव्हे, भरल्या मापानं पाणी घालायचं. पावसानं वाळू भिजलेली असेल, तर ते पाणीही हिशेबात धरायचं.

मावशी आणि प्लग

आता आमची गोष्ट.

१९९६ चा उन्हाळा. मी सातवीची परीक्षा देऊन मामाकडे गेलो होतो. मामाचं घर चालू होतं आणि अंगणात हा मिक्सर धडधडत होता. तेव्हाच तो दुसऱ्याच्या हातून आलेला होता. हिरवा रंग जागोजागी उडालेला, एक चाक वाकडं. मिस्त्रीकाका, चार गडी आणि माल भरायला एक वयस्कर मावशी. मावशी पदर खोचून, डोक्याला फडकं बांधून काम करायच्या. त्यांच्या बोटांना खोल भेगा पडलेल्या होत्या. त्यांचा आवाज सगळ्या कामावर ऐकू जाई.

दुपारी बाराच्या सुमाराला लाईट गेली. ड्रम भरलेला होता आणि तसाच थांबला. सगळे वैतागले. मिस्त्रीकाका म्हणाले, "आता गेली म्हणजे गेली दोन तास. जेवून घ्या." सगळे झाडाखाली भाकरी सोडायला गेले.

मी तिथंच. मला वाटलं, आपण मदत करावी. ड्रममधला माल घट्ट होत चालला होता, हे मला दिसत होतं. मी एक थापी घेतली, ड्रमच्या कडेवर पोट टेकलं आणि हात खांद्यापर्यंत आत घालून माल खरवडायला लागलो. आपण कसं शहाण्यासारखं काम करतोय, असंच वाटत होतं मला!

तेवढ्यात मागून कुणीतरी माझा सदरा धरून मला मागं ओढलं. इतक्या जोरात, की मी मातीत बसलो. मावशी होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. भिंतीपाशी गेल्या, बोर्डावरचं बटण बंद केलं, प्लग उपसला, वायर गोळा करत आल्या आणि तो प्लग माझ्या हातात ठेवला. मग म्हणाल्या,

"बाळा, लाईट सांगून जात न्हाई, आन् सांगून येत बी न्हाई."

मी काही उत्तर देणार, एवढ्यात सोप्यातला बल्ब लागला.

दोन तास नव्हे, दहा मिनिटांत वीज परत आली होती! मी त्या बल्बकडे बघितलं, मग ड्रमकडे बघितलं, आणि मग माझ्या हातातल्या प्लगकडे. मामा धावत आला. त्यानं काय झालं ते ऐकलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. रागावला मात्र नाही. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, एवढं आठवतं.

आपण वीज गेली म्हणतो, तेव्हा खरं तर आपल्याला फक्त एवढंच म्हणायचं असतं, की ती या क्षणी इथं नाही. बटण चालू राहिलं, तर यंत्र थांबलेलं नसतं, वाट बघत असतं. नव्या यंत्रांत असं बटण मिळतं, जे वीज गेली की आपोआप बंद होतं आणि पुन्हा माणसानं दाबल्याशिवाय चालू होत नाही. जुन्या मिक्सरला बहुधा ते नसतं. पण चांगला इलेक्ट्रिशियन ते बसवून देऊ शकतो. तुमच्या घरी जुना मिक्सर असेल, तर त्यावर पहिला खर्च हाच करा, असं बाबांना सांगा.

मामाच्या घरी त्या दिवसापासून एक कायदा झाला : ड्रममध्ये ज्याचा हात, त्याच्याच हातात प्लग. दुसऱ्यानं "काढलाय रे" म्हणून सांगितलेलं चालत नाही. प्लग स्वतः उपसायचा, सोबत आणायचा आणि डोळ्यांसमोर ठेवायचा. वीज गेली आणि ड्रम भरलेला असला, तरी आधी बटण, मग प्लग, मग हातानं चाक फिरवून ड्रम कलता करायचा आणि माल पत्र्यावर ओतायचा. जेवण नंतर!

वाळणं वेगळं, घट्ट होणं वेगळं

जेवण नंतर का? कारण न सांगता येणारा दुसरा पाहुणा. सिमेंट!

पुष्कळांना वाटतं, चिखल वाळतो तसं सिमेंट वाळतं. तसं असतं, तर स्लॅब टाकल्यावर दुसऱ्या दिवसापासून त्याच्यावर वाफे करून पाणी का कोंडून ठेवतात? वाळवायचंय तर ऊन द्यायला हवं, पाणी कशाला? खरी गोष्ट अशी, की सिमेंट वाळून कडक होत नाही, ते पाणी पिऊन कडक होतं. सिमेंटचे कण आणि पाणी यांची रासायनिक क्रिया होते आणि अतिशय बारीक, सुयांसारखे स्फटिक तयार होतात. ते एकमेकांत गुंततात, वाळू-खडीला धरून ठेवतात आणि दगड तयार होतो. सिमेंटच्या पोत्यावर 'पोर्टलंड' हा शब्द वाचलाय ना? इंग्लंडमधल्या लीड्स शहरातल्या जोसेफ अॅस्प्डिन या गवंड्यानं १८२४ साली या सिमेंटचं पेटंट घेतलं. ते पोर्टलंड इथल्या इमारती दगडासारखं दिसतं, म्हणून त्यानं हे नाव दिलं.

आपल्याकडच्या मानकाप्रमाणे साधं सिमेंट पाणी घातल्यावर निदान अर्धा तास तरी आवळू लागता कामा नये आणि दहा तासांच्या आत ते घट्ट व्हायला हवं. उन्हाळ्यात ते चटचट आवळतं. म्हणजे जेवण, एक डुलकी आणि चहा एवढ्या वेळात ड्रममध्ये दगड तयार होऊ लागतो. "वाळलं की निघेल" म्हणणारा माणूस उद्या छन्नी-हातोडी घेऊन बसतो.

आमच्या मामानं पहिल्या वर्षी हीच चूक केली होती. रोज थोडं थोडं आत राहायचं. दिवाळीपर्यंत आत चांगला बोटभर थर जमला. बोटभर म्हणजे किती? एक चौरस मीटर जागेवर एक सेंटिमीटर जाडीचा थर म्हणजे १० लिटर काँक्रीट. एका लिटरचं वजन साधारण २.४ किलो. म्हणजे २४ किलो! मोटर हा दगड दिवसभर फुकट फिरवत होती. पाती थरात बुडाली, त्यामुळे माल नीट उचलला जाईना. आणि अधूनमधून त्या थराचा टवका निघून ताज्या मालात पडायचा. शेवटी गडी हातोडी घेऊन ड्रमला बाहेरून ठोकायला लागले. थर निघाला, पण ड्रमला पोचे पडले. आता काय झालं असेल, ओळखा बघू. बाहेरून पोचा म्हणजे आतून उंचवटा, आणि त्या उंचवट्याच्या कडेला माल आणखीच अडकून बसायला लागला!

खरा उपाय अगदी सोपा आहे. शेवटचा माल ओतला, की लगेच, ड्रम फिरत असतानाच, त्यात एक-दोन घमेली खडी आणि बादली-दोन बादल्या पाणी टाकायचं आणि चार-पाच मिनिटं फिरू द्यायचं. खडी आतून सगळं घासून काढते, जशी आई बाटलीत तांदूळ आणि पाणी घालून खळखळवते. मग ते ओतायचं, मोटर बंद, प्लग हातात आणि बाहेरचे शिंतोडे ओल्या फडक्यानं आणि ब्रशनं पुसायचे. पंधरा मिनिटांचं काम. मोटरवर मात्र पाण्याचा फवारा मारायचा नाही. धुतलेली खडी दुसऱ्या दिवशीच्या मालात चालते.

आणि ते धुवण? ते गटारात ओतायचं नाही बरं का! का, ते आता तुम्हीच सांगू शकाल. सिमेंट पाण्यातही घट्ट होतं. गटारात दगड तयार होईल. एका बाजूला खड्डा करून त्यात ते ओतायचं. गाळ खाली बसतो आणि घट्ट झाल्यावर भराव म्हणून वापरता येतो.

मावशींच्या बोटांच्या भेगाही याच सिमेंटच्या. ओलं सिमेंट चुनकळीसारखं दाहक असतं. हाताला लागलं तर लगेच आग होत नाही, म्हणून माणूस फसतो. काही तासांनी कातडी जळते, फाटते. डोळ्यात गेलं, तर ताबडतोब भरपूर पाण्यानं धूत राहायचं आणि डॉक्टर गाठायचा. आईबाबांनो, तुमच्या घराचं काम निघालं, तर माल कालवणाऱ्या प्रत्येकाला रबरी हातमोजे आणि गमबूट मिळालेत का, हे जरूर बघा. एका सिमेंटच्या पोत्याला जेवढे पैसे पडतात, साधारण तेवढ्यातच हे होतं.

म्हाताऱ्याची तब्येत

आता मामाचा मिक्सर अजून चालतो तो कसा? त्याचं रहस्य म्हणजे हंगामाच्या सुरुवातीची तपासणी. प्लग काढून ठेवायचा आणि मग एकेक बघायचं.

वायर पहिली. हातानं चाचपत टोकापर्यंत जायचं. कुठं चीर दिसली, चिकटपट्टी गुंडाळलेली दिसली, की ती वायर बदलायची. ओल्या अंगणात चिकटपट्टीवर जीव टांगायचा नाही. प्लगला तीन पिना हव्यात. तिसरी, जाड पिन अर्थिंगची. ती सोयीसाठी काढून टाकणारे महाभाग असतात, त्यांच्यापासून सावध! शिवाय बोर्डावर ३० मिलिअँपिअरचं गळतीरोधक बटण, म्हणजे आरसीसीबी, असायला हवं. जाणारा आणि परत येणारा प्रवाह ते सतत ताडून बघतं. थोडासा प्रवाह जरी दुसरीकडून, म्हणजे एखाद्याच्या अंगातून जमिनीत जायला लागला, तरी ते क्षणात वीज तोडतं.

वायर लांबलचक आणि बारीक असली तरी घोटाळा. बारीक नळीतून लांब पाणी नेलं, की शेवटी धार बारीक होते ना, तसा मोटरपर्यंत दाब कमी पोचतो. मोटर ओढ काढते, जास्त प्रवाह खेचते आणि तापते. म्हणून वायर जाड आणि शक्य तेवढी आखूड. रिळावर गुंडाळलेली असेल, तर ती पूर्ण उलगडून घ्यायची.

बटण दाबल्यावर मोटर नुसतीच हूंऽऽ करत राहिली, फिरली नाही, तर लगेच बंद करायची. बऱ्याचदा तिचा कपॅसिटर गेलेला असतो. हा डबीसारखा भाग मोटरला सुरुवातीचा धक्का देतो. पण त्याला हात लावायचा नाही! प्लग काढल्यावरही त्यात विजेचा साठा राहू शकतो. ते काम इलेक्ट्रिशियनचंच.

मग पट्टा. मधोमध अंगठ्यानं दाबला, तर साधारण बोटाच्या जाडीएवढा दबावा. सैल असला तर घसरतो, फार ताणला तर बेअरिंग खातो. पट्ट्यावरचं आणि दातांवरचं झाकण जागेवर आहे ना, ते बघायचं. ओढणी, पदर, मफलर ओढून न्यायला त्या दातांना एक क्षण पुरतो.

बेअरिंगला ग्रीस हवंच. पण गंमत अशी, की मामाच्या मिक्सरच्या उघड्या दातेरी कड्याला ग्रीस लावायचं नसतं! त्याच्या जुन्या माहितीपत्रकातच तसं छापलेलं आहे. ग्रीसला सिमेंट आणि वाळूची धूळ चिकटते आणि त्याची कानसच तयार होते. मग ती दात खाऊन टाकते. तुमच्या यंत्राचं काय, हे त्याच्या माहितीपत्रकात बघायचं.

आणि काम नसेल तेव्हा ड्रम तोंड खाली करून ठेवायचा. पावसाचं पाणी साचलं, की गंज आतून खातो.

तुम्ही काय करायचं?

घरातल्या मोठ्या माणसाला सोबत घ्या. त्यांनी हातमोजे घालून चमचाभर सिमेंटमध्ये थोडंसं पाणी घालावं आणि लाडवासारखी घट्ट गोळी वळावी. प्लॅस्टिकच्या टाकाऊ वाटीत पाणी घेऊन ती गोळी हलकेच त्यात सोडावी. दोन दिवस हलवायची नाही. मग बाहेर काढून काडीनं टोचून बघा. पाण्यात बुडलेली गोळी दगड झालेली असेल! "वाळलं की निघेल" म्हणणाऱ्या काकांना ती नेऊन दाखवा.

आणि लांबून करण्यासारखं एक काम. मिक्सरच्या ड्रमवरची एखादी खूण पकडा, घड्याळ लावा आणि अर्ध्या मिनिटात ती किती वेळा वर येते ते मोजा. दुप्पट केलं, की मिनिटाचे फेरे मिळाले.

आमच्या पत्रलेखक मैत्रिणीला एवढंच सांगतो, की आजोबांना आणि बाबांना भांडू देऊ नकोस. संध्याकाळी काम थांबलं, की खडी-पाण्याचे चार-पाच मिनिटांचे फेरे झाले का, हे तू लांबून घड्याळ लावून बघ. आणि कुणी ड्रममध्ये हात घालताना दिसलं, तर मोठ्यांदा एकच विचार, "प्लग कुठंय?" लाजू नकोस. मामाच्या कामावर आजही हा प्रश्न कुणीही विचारू शकतं, अगदी शेंबडं पोरसुद्धा, आणि ज्याला विचारलं त्यानं प्लग हातात घेऊन दाखवायचाच.

मामाच्या मिक्सरची मोटर एकदा भरून घेतली, पट्टे चार वेळा बदलले, वाकडं चाक अजून वाकडंच आहे. मावशी आता नाहीत. पण दर वेळी प्लग उपसताना त्यांचा आवाज ऐकू येतो.

जाता जाता एक गणित. मोटर १४४० फेरे घेते. मोठी पुली लहान पुलीच्या सहापट आहे. पुढच्या लहान चाकाला १० दात आणि ड्रमच्या कड्याला १२० दात. मग ड्रम मिनिटाला किती फेरे घेईल? माल नीट कालवला जाईल का? उत्तर पोस्टकार्डावर पाठवा, कारणासकट. पुढच्या गप्पांत ताडून बघू.

तोवर, अच्छा!